बेल्ट ढिला की पुली तिरकी? जुन्या पद्मिनीत एसी बसवताना

जुन्या प्रीमियर पद्मिनीत एसी बसवून घेतला की पहिल्या आठवड्यातच बॉनेटखालून चिवचिव ऐकू येऊ लागते. गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री अंगठ्याने बेल्ट दाबून बघतो आणि म्हणतो, "दादा, ढिला आहे, ताणून देतो." दोन दिवस आवाज कमी होतो, मग पुन्हा सुरू. माझ्या पद्मिनीचा बेल्ट असा तीनदा ताणला गेला आणि चौथ्या खेपेला आयडलर पुलीचं, म्हणजे बेल्टला नुसतं दाबून ताणात ठेवणाऱ्या मोकळ्या पुलीचं, बेअरिंगच बसलं. बेल्ट ढिला नव्हताच. पुल्या लाईनीत, म्हणजे एका सरळ रेषेत, नव्हत्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

बेल्टचा ताण आणि पुल्यांची लाईन या दोन गोष्टी इतक्या सर्रास एकमेकींच्या जागी धरल्या जातात, त्याचं कारण म्हणजे दोन्ही बिघडल्या की गाडी ओरडते. पण एकीचा उपाय पान्याच्या दोन फेऱ्यांत होतो आणि दुसरीसाठी ब्रॅकेट खोलून लेथवर न्यावं लागतं. म्हणून सगळे पहिलाच उपाय करतात.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर एसीची सोय नव्हती. पुढचा एकच बेल्ट पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवायचा. एसी लावायचा म्हणजे कॉम्प्रेसर, त्याला इंजिनच्या ब्लॉकवर धरणारं ब्रॅकेट, क्रँक पुलीला (इंजिनच्या शाफ्टवरच्या, बेल्ट फिरवणाऱ्या पुलीला) जोडलेली आणखी एक खाच, नवा बेल्ट आणि बहुतेकदा एक आयडलर, हे सगळं बाहेरून आणायचं. ब्रॅकेट एकाने कापलेलं, पुली दुसऱ्याने लेथवर काढलेली, कॉम्प्रेसर तिसऱ्याच गाडीसाठी बनलेला. हे तिघे एका रेषेत येतील अशी हमी कोणत्याच कारखान्याने दिलेली नसते. ती रेष आपल्यालाच जुळवावी लागते.

आधी ताणाचं बघू. व्ही बेल्ट पुलीला धरतो तो दोन्ही बाजूंच्या तिरक्या भिंतींनी, तळाने नाही. ताण कमी पडला की या भिंतींवरची पकड सुटते आणि बेल्ट घसरतो. कॉम्प्रेसरला त्याच्या पुलीशी जोडणारा क्लच 'टक्' करून लागला की पुलीवर एकदम ओझं येतं आणि त्याच क्षणी लांब किंचाळी ऐकू येते. एसी बंद केला की ती थांबते. जोरात रेस दिली तरी येते. ही ढिल्या बेल्टची ओळख.

पुली लाईनीत नसेल तर बेल्ट खाचेत शिरताना दर फेरीला एका बाजूच्या भिंतीवर घासून उतरतो. आवाज तुटक, ठेक्यात येतो, चिमणीसारखा. आयडलिंगला स्पष्ट असतो, रेस वाढवली की ठेका जलद होतो. महत्त्वाचं म्हणजे एसी बंद असतानाही तो चालू राहतो, कारण क्लच सुटलेला असला तरी कॉम्प्रेसरची पुली आपल्या बेअरिंगवर मोकळी फिरतच असते आणि बेल्टही तसाच तिरका धावत असतो. माझ्या गाडीत एसी बंद ठेवूनही चिवचिव येत होती. ही एवढी खूण तेव्हा कळली असती तर एक बेअरिंग वाचलं असतं.

कानावर विश्वास नसेल तर पाण्याची परीक्षा करा. इंजिन चालू ठेवून, बाही आणि ओढणी सांभाळून, लांबूनच बाटलीच्या फवाऱ्याने बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी उडवायचं. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. आवाज काही सेकंद गप्प झाला आणि पाणी उडून गेल्यावर परत आला तर पुल्या लाईनीत नाहीत. दोन रुपयांचाही खर्च नाही, आणि मिस्त्रीसमोर केली की वाद संपतो.

उतरवलेला बेल्टही बोलतो. घसरणाऱ्या बेल्टच्या दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत, चकचकीत होतात. तिरक्या पुल्यांवर धावलेल्या बेल्टची एकच बाजू जास्त झिजते, धागे निघतात आणि जवळपास रबराची काळी भुकटी साचते. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर मात्र मामला वेगळा आहे. बेल्ट तळाला टेकतोय, म्हणजे खाच झिजली आहे किंवा बेल्टचा सेक्शनच, म्हणजे रुंदी-जाडीचं मापच, चुकला आहे. ए सेक्शनचा बेल्ट वर १३ मिलिमीटर रुंद असतो, बी सेक्शनचा १७. बी च्या खाचेत ए चा बेल्ट बसवला तर तो कितीही ताणा, पकड येणार नाही.

लाईन तपासायची तर सुरुवात क्रँक पुलीपासून करावी. इंजिन बंद ठेवून ती हाताने हळूहळू फिरवा आणि खाचेच्या कडेजवळ एक तार स्थिर धरा. कड तारेपासून कधी जवळ, कधी लांब जात असेल तर जोडलेली खाच डोलते आहे. अशा वेळी बाकीचं मोजून उपयोग नाही. नवी पुली नुसत्या बोल्टच्या भोकांवर विसंबून कसली की हे होतं. तिला लेथवर गोल बैठक काढून घ्यावी, म्हणजे ती जुन्या पुलीत नेमकी मधोमध रुतते.

मग ॲल्युमिनियमची सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवून कॉम्प्रेसरपर्यंत न्यायची. दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी सारखी असेलच असं नाही, म्हणून पट्टीपासून खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजावं. कॉम्प्रेसरच्या पुलीवर वर आणि खाली दोन्हीकडे तेवढंच अंतर यायला हवं. वर-खाली सारखं आहे पण क्रँकपेक्षा वेगळं आहे, तर कॉम्प्रेसर पुढे-मागे आहे आणि शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालून भागेल. वर वेगळं, खाली वेगळं आलं तर कॉम्प्रेसरच वाकडा बसलाय आणि ब्रॅकेटचं तोंड दुरुस्त करावं लागेल. व्ही बेल्टला साधारण अर्ध्या अंशाची चूक चालते, म्हणजे एक फुटाच्या अंतरावर जेमतेम अडीच मिलिमीटर. शिम घालताना कॉम्प्रेसरच्या कानांत, म्हणजे बोल्ट लावायच्या भोकांच्या पाकळ्यांत, फट ठेवून बोल्टने ओढून मिटवू नये. बाहेरचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं, कान तडकतो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे ताण आणि लाईन एकमेकांत गुंततात ती. माझ्या ब्रॅकेटचा पत्रा ६ मिलिमीटरचा होता आणि त्याने कॉम्प्रेसरला फक्त मागच्या कानांनी धरलं होतं. बेल्ट ढिला असताना पट्टी लावली, लाईन अचूक. बेल्ट कसला, पुन्हा पट्टी लावली, तर पुलीची वरची कड क्रँककडे तीन मिलिमीटर झुकलेली. म्हणजे मिस्त्री जितका ताणत होता तितकी लाईन बिघडत होती. ताण वाढल्यामुळे आवाज दबायचा आणि वाढलेल्या ओझ्याखाली आयडलर मरत होता. नवं ब्रॅकेट १० मिलिमीटरच्या पत्र्याचं करून घेतलं, पुढचे कानही धरले आणि ब्लॉककडे एक तिरका टेकू दिला. म्हणूनच लाईन नेहमी बेल्ट पूर्ण कसल्यावर तपासायची. ढिल्या बेल्टवर घेतलेलं माप काही कामाचं नाही.

लाईन जुळल्यावर ताणाचं काम सोपं राहतं. दोन पुल्यांमधल्या बेल्टच्या सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने नीट दाबलं की बेल्ट १० ते १२ मिलिमीटर दबावा. आयडलर बेल्टच्या ढिल्या बाजूला हवा, म्हणजे क्रँक पुलीवरून सुटून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या बाजूला. कॉम्प्रेसरचं ओझं ओढणाऱ्या बाजूला तो बसवला तर त्याचं बेअरिंग लवकर जातं. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत थोडा बसतो, तेव्हा एकदा तो परत कसावा लागतो. आणि कसल्यावर ती ॲल्युमिनियमची पट्टी पुन्हा एकदा क्रँक पुलीवर टेकवायची.