ब्रिटनमध्ये नोकरीवरून काढले किंवा पगार थकवला, तर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे दाद कशी मागावी

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये अन्यायकारक बडतर्फी आणि थकीत पगार या दोन्ही तक्रारी एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलपुढे, म्हणजे नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, मांडता येतात. शुल्क आकारणे बेकायदा असल्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिल्यापासून या अर्जाला फी लागत नाही, आणि वकील नेमण्याचीही सक्ती नाही. मात्र भक्कम दावासुद्धा केवळ उशिरामुळे बाद होऊ शकतो, म्हणून मुदतीचा हिशेब सर्वांत आधी करावा.

ही मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी इतकी असते. नोकरी १५ मार्चला संपली असेल, तर बडतर्फीविरुद्धची प्रक्रिया १४ जूनपर्यंत सुरू व्हायला हवी. पगाराच्या बाबतीत मात्र तो ज्या दिवशी मिळायला हवा होता त्या दिवसापासून, आणि कपात लागोपाठ होत असेल तर शेवटच्या कपातीपासून मोजणी होते, त्यामुळे एकाच नोकरीच्या दोन तक्रारींची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपू शकते. कंपनीकडे केलेले अंतर्गत अपील प्रलंबित आहे म्हणून मुदत थांबत नाही. ‘अपिलाचा निकाल लागू दे, मग पाहू’ हा विचार महागात पडतो. २०२५ च्या नव्या कायद्यात ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद आहे, पण ती प्रत्यक्ष लागू झाल्याची खात्री होईपर्यंत तीन महिनेच धरून चालावे.

बडतर्फीचा दावा फक्त ‘एम्प्लॉयी’ (मालकाशी नोकरीचा करार असलेली) या दर्जाच्या व्यक्तीला करता येतो आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे सलग दोन वर्षांची नोकरी लागते. नव्या कायद्यानुसार जानेवारी २०२७ पासून ही अट सहा महिन्यांवर येणार आहे. गरोदरपणामुळे, गैरप्रकार उघड केल्यामुळे किंवा किमान वेतनाचा हक्क मागितल्यामुळे काढले असल्यास सेवाकाळाची अट नाही. पगाराच्या दाव्यालाही ती नाही, आणि तो एजन्सीमार्फत किंवा झिरो अवर्स करारावर (ज्यात कामाच्या किमान तासांची हमी नसते) काम करणाऱ्यांनाही करता येतो. शिक्षणासाठी गेलेली आपली मुले रेस्टॉरंटमध्ये अर्धवेळ काम करतात, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

थेट ट्रायब्युनलकडे जाता येत नाही. आधी ‘एकॅस’ या संस्थेला ऑनलाइन किंवा फोनवर कळवावे लागते. ती विनामूल्य मध्यस्थी करते आणि तो काळ मुदतीत धरला जात नाही. वेळेत कळवले असेल, तर मध्यस्थी संपल्यावर एकॅसचे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर अर्जासाठी निदान एक महिना हाती राहतो. प्रमाणपत्राचा क्रमांक ईटी१ या ट्रायब्युनलच्या अर्जात लिहायचा असतो. मालकाचे नाव दोन्हीकडे सारखेच असावे आणि ते दुकानाच्या पाटीवरून न घेता पगारपत्रक किंवा करारावरून घ्यावे, कारण पाटीवरचे नाव आणि नोंदणीकृत कंपनीचे नाव पुष्कळदा निराळे असते.

अर्जासोबत कागदपत्रे जोडावी लागत नाहीत, परंतु करार, पगारपत्रके, पी४५ (नोकरी संपताना मालक देतो तो पगार व कराचा दाखला), बँक स्टेटमेंट, बडतर्फीचे पत्र आणि ड्युटीच्या वेळांबाबतचे संदेश आधीच स्वतःकडे जमवून ठेवावेत; कार्यालयीन ईमेल नोकरी संपताच बंद होतो. पगार रोखीने मिळत असेल, तर कामाच्या तासांची तारीखवार नोंद फार उपयोगी पडते.

अर्ज स्वीकारल्यावर मालकाला उत्तरासाठी २८ दिवस मिळतात. एकॅसमार्फत तडजोड सुनावणीपर्यंत केव्हाही होऊ शकते, मात्र ती बंधनकारक असल्याने तिच्यात समाविष्ट केलेल्या तक्रारींवर पुन्हा दावा करता येत नाही. म्हणून सुट्ट्यांचा थकीत पगार त्या रकमेत धरला आहे का, हे होकार देण्यापूर्वी विचारून घ्यावे.