शाळा सुटल्यावर मूल कोणाच्या ताब्यात?

शेवटची घंटा होते. निम्मी मुले फाटकाकडे पळतात, उरलेली सभागृहात जातात. तिथे आता कराटेचा वर्ग आहे, किंवा स्केटिंगचा, किंवा रोबोटिक्सचा. शिकवणारा माणूस बाहेरच्या संस्थेचा. जागा तीच, अंगावरचा गणवेशही तोच. बदलला तो फक्त लक्ष ठेवणारा मोठा माणूस. अशा वेळी मूल पडले, हात मोडला, किंवा त्याहून वाईट काही झाले, की आईवडील शाळेच्या कार्यालयात येतात आणि बहुतेकदा त्यांना एकच उत्तर मिळते : ‘तो वर्ग आमचा नाही, आम्ही फक्त जागा देतो.’

हे उत्तर दर वेळी खोटे असते असे नाही. पण ते कुठे टिकते आणि कुठे टिकत नाही, हे ठरवायला न्यायालयांना फार मोठा काळ लागला, आणि काही भाग अजून ठरलेला नाही.

सुरुवातीला प्रश्न शाळेचा नव्हताच, तो मास्तरांचा होता. इंग्लंडचे कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७६५ मध्ये लिहून ठेवले की बाप आपल्या अधिकाराचा काही भाग शिक्षकाला देऊ शकतो आणि तेवढ्यापुरता शिक्षक आईबापांच्या जागी उभा राहतो. ‘इन लोको पॅरेंटिस’ हा लॅटिन शब्दप्रयोग शाळांच्या संदर्भात रुळला तो इथून. नीट पाहिले तर ब्लॅकस्टोन बोलत होते ते मुलाला आवरण्याच्या आणि शिक्षा करण्याच्या अधिकाराबद्दल. अधिकार आधी आला, काळजी घेण्याचे कर्तव्य बऱ्याच उशिरा.

ते कर्तव्य ठळकपणे शब्दांत आले १८९३ च्या ‘विल्यम्स विरुद्ध ईडी’ या खटल्यात. शाळेत फॉस्फरसची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवलेली होती. ती मुलांनी घेतली, स्फोट झाला आणि एक मुलगा भाजला. न्यायाधीश लॉर्ड ईशर यांनी मोजमाप सांगितले : काळजीवाहू बाप आपल्या मुलांची जेवढी काळजी घेईल तेवढी मास्तरांनी घ्यायला हवी. हे माप साधे होते, सगळ्यांना कळणारे होते, म्हणून ते अनेक देशांत पसरले आणि पुढची कित्येक दशके टिकले.

पण शाळा वाढल्या आणि बाप ही उपमा तोकडी पडू लागली. १९६८ च्या ‘बोमाँट विरुद्ध सरे’ खटल्यात ट्रॅम्पोलिनचा काढून टाकलेला जाड लवचीक दोर शाळेच्या कचऱ्याच्या टोपलीत राहिला होता. मधल्या सुट्टीत मुलांनी तो ओढून खेळ मांडला आणि एका मुलाच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. न्यायाधीशांनी विचारले ते असे, की नऊशे मुलांच्या मुख्याध्यापकाला बापाचे माप कसे लावायचे? एवढे कुटुंब असलेला बाप कुणी पाहिला आहे? म्हणून त्यांनी नेहमीचेच, वाजवी काळजीचे माप लावले, आणि तरीही शाळा दोषी ठरली. शाळा मोठी झाली म्हणून कर्तव्य पातळ होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याआधीच, १९५५ मध्ये, आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडून गेली होती. वेल्समधल्या एका बालवाडीतून जेमतेम चार वर्षांचे मूल उघड्या फाटकातून रस्त्यावर गेले. त्याला चुकवताना लॉरी खांबावर आदळली आणि चालकाचा जीव गेला. शिक्षिका तेव्हा दुसऱ्या, पडून लागलेल्या मुलाला मलमपट्टी करत होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तिला दोष दिला नाही. दोष दिला तो शाळा चालवणाऱ्या काउंटीला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला. मूल इतक्या सहज बाहेर पडू शकते अशी व्यवस्था असणे हीच हयगय. एखाद्या शिक्षकाची चूक आणि संस्थेची स्वतःची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धागा पुढे फार कामाला आला.

आता बाहेरच्या माणसांकडे येऊ. ती शाळेत शिरली ती चांगल्या हेतूने. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९३५ पासून उद्योगपती चार्ल्स स्ट्युअर्ट मॉट यांच्या पैशातून आणि फ्रँक मॅन्ली यांच्या आग्रहातून शाळेच्या इमारती संध्याकाळीही उघड्या राहू लागल्या. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली इमारत दुपारनंतर कुलूपबंद का असावी, हा त्यामागचा विचार होता आणि तो मला आजही पटतो. पुढे आईवडील दोघेही नोकरीवर जाऊ लागले आणि गरज वाढतच गेली. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने अशा केंद्रांसाठी कार्यक्रम मंजूर केला. २००१ नंतर त्याचे पैसे शाळांच्या बरोबरीने बाहेरच्या संस्थांनाही मिळू लागले. इंग्लंडमध्ये २००२ च्या शिक्षण कायद्याने शाळांच्या नियामक मंडळांना परिसरासाठी सेवा चालवण्याची मुभा दिली. २००१ मध्येच अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ‘गुड न्यूज क्लब’ खटल्यात सांगितले की शाळेने सुटल्यानंतर इतर गटांना जागा दिली असेल, तर एखाद्या गटाला केवळ तो धार्मिक आहे म्हणून नाकारता येणार नाही. दार उघडण्याचा प्रश्न असा एकेका बाजूने सुटत गेला. दाराच्या आत मूल पडले तर काय, हा मात्र मागेच राहिला.

तो मागे राहण्याचे एक कारण जुने होते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरकारी शाळेवर दावाच लावता येत नसे. १७८८ च्या एका इंग्रज खटल्यात नादुरुस्त पुलामुळे कुणाची तरी घोडागाडी मोडली. न्यायालय म्हणाले, सगळ्या परगण्याच्या लोकांवर दावा कसा करणार? त्यांचा एकत्र निधी तरी कुठे आहे? घोडागाडीबद्दलचा हा निकाल समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला आणि शाळांचे कवच बनला. इलिनॉयमध्ये शाळेची बस रस्ता सोडून गेली, पेटली आणि मुले भाजली, तेव्हा १९५९ च्या ‘मॉलिटर’ निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कवच काढून टाकले. पुढे बऱ्याच राज्यांत ते पातळ झाले, काही ठिकाणी कायदे करून परत घातले गेले. म्हणूनच एकाच प्रकारच्या अपघाताचे उत्तर दोन शेजारच्या राज्यांत वेगळे निघू शकते.

शाळेचा स्वतःचा पगारी शिक्षक चुकला तर फारसा वाद राहत नाही. नोकराच्या चुकीला मालक बांधील, हे तत्त्व जुने आहे. बियास नदीकाठच्या सहलीत २८ मे १९९५ रोजी एका शाळेची १४ मुले बुडाली, त्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये याच तत्त्वावर शाळेला भरपाईसाठी जबाबदार धरले. खरी अडचण येते ती चुकणारा माणूस शाळेचा नोकर नसतो तेव्हा.

या अडचणीला पहिले मोठे उत्तर ऑस्ट्रेलियातून आले, आणि ते एका सकाळच्या काही मिनिटांतून आले. १९७१ साल, कॅनबेरा, वर्ग भरायच्या आधीची वेळ. आदल्या रात्री मुख्याध्यापकांचे निधन झाले होते, म्हणून शिक्षकांना तातडीने आत बोलावले गेले. एरवी मैदानावर अनेक जण लक्ष ठेवत. त्या सकाळी एकच शिक्षक उरला. काही मुले ध्वजस्तंभाच्या दोरीला लोंबकळू लागली, वरचा जड धातूचा भाग निखळला आणि एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पडला. शाळा केंद्र सरकारची होती, पण शिक्षक न्यू साउथ वेल्स राज्याने पुरवलेले. केंद्राचे म्हणणे होते, ते आमचे नोकर नाहीत. १९८२ मध्ये ‘इंट्रोविन’ निकालात उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पीठाने, हे म्हणणे नाकारले. मुलाला शाळेत घेतले त्या क्षणी त्याच्या सुरक्षेचे कर्तव्य शाळा चालवणाऱ्यावर आले. काम दुसऱ्याकडून करून घेता येईल, कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही. याच न्यायालयाने १९७७ मध्ये हेही सांगून टाकले होते की कर्तव्य घड्याळाला बांधलेले नसते. फाटक उघडे ठेवून मुलांना आत येऊ दिले, तर वर्ग भरायच्या आधीही ते लागू होते.

इंग्लंडला तिथवर यायला आणखी तीस वर्षे लागली. जुलै २००० मध्ये एसेक्समधल्या एका प्राथमिक शाळेची दहा वर्षांची मुलगी शाळेच्या वेळेतल्या पोहण्याच्या तासाला गेली. तलाव बाहेरचा, शिकवणारी आणि जीवरक्षक बाहेरच्या कंत्राटदाराकडून आलेल्या. मुलगी पाण्यात बुडताना वेळेत कुणाच्या लक्षात आले नाही आणि मेंदूला कायमची गंभीर इजा झाली. काउंटीने म्हटले, आमचे कुणी चुकलेच नाही. खालच्या दोन न्यायालयांनी दावा तिथेच थांबवला.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. न्यायाधीश लॉर्ड सम्प्शन यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : मूल दुर्बल आहे, ते आधीपासून शाळेच्या ताब्यात आहे, शाळा आपले काम स्वतः करते की दुसऱ्याला देते यावर मुलाचा काही ताबा नाही, आणि दिलेले काम हा शाळेच्या मूळ कर्तव्याचाच भाग आहे. मग त्या कामात हयगय झाली तर उत्तर शाळेनेच द्यायचे. त्याच पीठावरच्या लेडी हेल यांनी तीन काल्पनिक मुलींचे उदाहरण दिले. एक फी भरून खासगी शाळेत, दुसरी पगारी शिक्षक असलेल्या सरकारी शाळेत, तिसरी अशा शाळेत जिने पोहणे बाहेर सोपवले आहे. तिघींना सारखीच इजा झाली. पहिल्या दोघींना दाद मिळते आणि तिसरीला नाही, हे रस्त्यावरच्या कोणत्या माणसाला पटेल?

पण त्याच निकालात एक रेघ ओढलेली आहे. सुट्टीतल्या सहलीसारखे शाळेच्या वेळेबाहेरचे, अभ्यासक्रमाबाहेरचे उपक्रम बाहेरचा कंत्राटदार चालवत असेल, तर त्याच्या चुकीला शाळा जबाबदार नाही. शाळेने स्वतः काही हयगय केली असेल, उदाहरणार्थ माणूस निवडताना, तर गोष्ट वेगळी. म्हणजे दुपारी दोनला त्याच कंत्राटदाराने चूक केली तर शाळा उत्तरदायी, चारला केली तर कदाचित नाही. शाळांच्या पैशाची चिंता न्यायालयाने केली, ती मी समजू शकतो. तरी ही रेघ मला जाचते. वर्गाचे पत्रक शाळेच्या शिक्क्याने घरी येते, फी शाळेच्या खिडकीवर भरली जाते, मूल वर्गातून थेट सभागृहात जाते. आईच्या लेखी ते शाळेतच आहे. तिने कुठल्या कंपनीच्या हवाली मूल केलेलेच नाही.

म्हणून अशा खटल्यांत भांडण होते ते शाळेच्या स्वतःच्या हातात काय राहिले होते यावर. जागा तर शाळेचीच राहते. इंग्लंडचा १९५७ चा कायदा जागेच्या ताबेदाराला सांगतो की मुले मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार हे धरून चाल. कॅलिफोर्नियात कायद्यानेच वाटणी केली आहे : इमारत आणि तिची देखभाल यातली हयगय शाळेच्या माथी, जागा वापरतानाची हयगय वापरणाऱ्या संस्थेच्या माथी. कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. पण न रोवलेला गोलपोस्ट घ्या. तो शाळेचा, त्या दिवशी हलवला प्रशिक्षकाने, परत जागेवर ठेवून पक्का केला नाही कुणीच. सगळ्यांत धोक्याची असते ती मधली दहा मिनिटे. शिक्षिका गेलेली, प्रशिक्षक अजून वाहतुकीत अडकलेला, हजेरीची यादी त्याच्या गाडीत, आणि पंधरा मुले मोकळ्या मैदानावर. त्या वेळी मूल अजून कुणी ताब्यात घेतलेलेच नसते. ज्याने सोडले त्याच्याकडेच ते असते, असे म्हणायला ‘इंट्रोविन’ पुरेसा आधार देतो.

विम्याचा प्रश्नही असाच तिरपा आला. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने निधीसाठी जत्रा भरवली, उडी मारून भिंतीला चिकटायचा खेळ बाहेरच्या कंपनीने मांडला, त्यात एक बाई जखमी झाली. कंपनीचा विमा चारच दिवस आधी संपला होता. २००२ मध्ये बहुमताने ठरले की विम्याची चौकशी करणे हे रुग्णालयाचे काम होते. त्यांनी चौकशी केली होती म्हणून ते सुटले. दोन वर्षांतच दुसऱ्या खटल्यात हे कर्तव्य बरेच मर्यादित केले गेले. तरी बाहेरच्या संस्थेकडून विम्याचा कागद आधी मागून घेण्याच्या सवयीमागे अशा प्रकरणांची धास्ती आहे.

राहिले ते हमीपत्र. ‘काही झाल्यास शाळा व संस्था जबाबदार राहणार नाही’ या ओळीखाली पालक सही करतात. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यापासून हयगयीने झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी अशा ओळीने झटकता येत नाही. अमेरिकेत राज्यागणिक वेगळे. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शाळांच्या खेळांसाठी घेतलेली अशी हमीपत्रे रद्दबातल ठरवली. ओहायोत १९९८ मध्ये उलटे झाले. एका फुटबॉल क्लबातला सात वर्षांचा मुलगा सराव संपल्यावर गोलपोस्टला लोंबकळला, तो जमिनीत रोवलेला नव्हता, उलटला, बरगड्या मोडल्या. आईने आधी सही केली होती. क्लब स्वयंसेवकांचा, दाव्यांच्या भीतीने असे खेळच बंद पडतील, या विचाराने न्यायालयाने सही ग्राह्य धरली. मॅसॅच्युसेट्सने २००२ मध्ये सरकारी शाळेच्या बाबतीतही तेच केले. न्यू जर्सीने २००६ मध्ये सांगितले की व्यावसायिक केंद्रात मुलाचा हक्क पालकाला असा आधीच सोडून देता येणार नाही. मला न्यू जर्सीची बाजू बरोबर वाटते : सही करणारा एक, आयुष्यभर अपंगत्व सोसणारा दुसरा.

एसेक्सच्या त्या मुलीचा दावा २०१३ नंतर पुन्हा खालच्या न्यायालयात गेला. तलावावर नेमके काय घडले, कोण कुठे उभे होते, कोण कुठे पाहत होते, याची साक्ष तेव्हा कुठे पूर्ण तपासली गेली. शिकवणारी आणि जीवरक्षक दोघींची हयगय सिद्ध झाली आणि काउंटीला उत्तरदायी धरले गेले ते २०१५ मध्ये, पोहण्याच्या त्या तासानंतर पंधराव्या वर्षी.