फुगलेल्या कटिचकतीवरील भौतिकोपचार

कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे बोलीतली ‘गादी’, कडेबाहेर फुगल्याने होणारे दुखणे व्यायाम, हालचालींचे शिक्षण आणि सवयींतील बदल यांच्या साहाय्याने कमी करण्याची उपचारपद्धती, म्हणजेच फिजिओथेरपी. ‘गादी सरकली’ हा रूढ शब्दप्रयोग फसवा आहे. चकती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती जागा सोडत नाही. त्यामुळे झटका देऊन ती ‘जागेवर बसवणे’ यालाही अर्थ नाही.

चकतीचा गाभा मऊ व पाणीदार असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी असतात. वयाबरोबर गाभ्यातले पाणी घटते, कडी सैलावतात आणि चकतीचा घेर बाहेर येतो. चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांमधली आणि पाचवा कटिमणका व त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) यांमधली अशा दोन चकत्यांना हा त्रास सर्वाधिक होतो. जवळची नस दबली किंवा तिला सूज आली, तर कळ कुल्ल्यातून पायात उतरते. हीच सायटिका.

एमआरआयचा अहवाल वाचून रुग्ण हादरतो, पण फुगवटा दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठदुखी नसलेल्या विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या वयाच्या सुमारे ८४ टक्के लोकांतही फुगलेली चकती आढळते, असा अंदाज मांडला होता. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट चित्रापेक्षा हालचालींवर अधिक विसंबतो. उताणे झोपवून पाय सरळ उचलल्यावर कळ येते का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येते का, पायाचा कोणता भाग बधिर आहे, हे तो पाहतो. मुख्य म्हणजे, कोणत्या दिशेला वाकल्यावर दुखणे पायात उतरते आणि कोणत्या दिशेला वाकल्यावर कमरेकडे परतते, याचा तो शोध घेतो.

या शेवटच्या निरीक्षणाचे श्रेय न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना जाते. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू उचललेल्या पलंगावर, काही मिनिटे पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ ओसरली. पालथे झोपून हातांच्या जोरावर छाती उचलण्याचा व्यायाम त्यातूनच रुजला. तो भुजंगासनासारखा दिसतो, मात्र यात पाठ व कुल्ले सैल सोडायचे असतात. कळ पायातून कमरेकडे सरकली, तर कमर थोडी जास्त दुखली तरी ते सुलक्षण मानतात. हा व्यायाम सरसकट सर्वांना देत नाहीत. मागे वाकल्याने पायातली कळ वाढत असेल, तर दिशा बदलतात.

तीव्र दुखणे ओसरू लागले की पोट-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू होतात: गुडघे-हातांवर राहून विरुद्ध हात-पाय लांबवणे, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणे. रोजचे चालणेही यातच येते. पूर्ण विश्रांतीचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. १९८६ च्या एका चाचणीत दोन दिवस पडून राहण्यास सांगितलेले पाठदुखीचे रुग्ण, सात दिवस सांगितलेल्यांपेक्षा लवकर कामावर परतले. शेकाने तात्पुरते बरे वाटते. वजन लावून कमर ताणण्याचा, म्हणजे ट्रॅक्शनचा, उपयोग मात्र चाचण्यांत फारसा दिसलेला नाही.

बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. अशा वेळी तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते.