गिरणगावाचं नाटक आणि गिरणगावाची आठवण

लालबाग-परळमध्ये, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या गिरणगावात, एखादा गट 'आपल्या भागाचा इतिहास जपायचा' म्हणून एकत्र आला, की दोन सूचना हमखास येतात. कुणी म्हणतं नाटक बसवू, कुणी म्हणतं जुन्या माणसांना बोलतं करू. थोड्या चर्चेनंतर दोन्ही कामं एकच मानली जातात: आजी-आजोबांशी बोलायचं, त्यातून संहिता लिहायची, प्रयोग लावायचा, की इतिहास जपला गेला. मला हे पटत नाही. दोन्ही लोकांच्या तोंडूनच येतात, म्हणून घोटाळा होतो. पण त्यांची कामं वेगळी आहेत, आणि एकाच्या जागी दुसरं ठेवलं तर शहराच्या इतिहासातला काही भाग कायमचा हातचा जातो.

१९८२चा गिरणी कामगारांचा संप घ्या. १८ जानेवारीला तो सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीची तारीख पक्की आहे, शेवटची मात्र नाही, कारण संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो घराघरांत वेगवेगळ्या दिवशी संपला. कुणाचा गावाकडच्या एसटीत बसताना संपला, कुणाचा मान खाली घालून पुन्हा कामावर जाताना, कुणाचा बायकोचं मंगळसूत्र मोडल्यावर. काहींच्या लेखी तो अजून चालूच आहे.

आता यावर नाटक लिहायचं तर लेखकापुढची पहिली अडचण हीच: पडदा कुठे पाडायचा? प्रेक्षक दोन-अडीच तास बसणार, त्यात चार-सहा माणसं उभी करायची, त्यांच्यात ठिणगी पडायला हवी, आणि शेवट हवा. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने, १९९७ साली, यातून फार समर्थ वाट काढली. संपाची गोष्ट त्यांनी गिरणीच्या फाटकावर न मांडता संपानंतरच्या एका गिरणी कामगाराच्या घरात मांडली. आई, मुलं, कामाविना गेलेले दिवस, आणि त्या रिकामपणात शिरणारी गुंडगिरी. ते घर खऱ्या कुणा एकाचं नाही, आणि म्हणूनच प्रेक्षागृहातल्या कितीतरी जणांना ते आपलं वाटलं. ही गिरणी कोणती, तारीख कोणती, असं तिथे कुणी विचारत नाही, विचारूही नये. पंधरा वर्षांत वस्तीचं काय झालं ते एका संध्याकाळी अंगावर येतं. संप ज्यांनी पाहिला नाही अशा नातवंडांना इतक्या लवकर इतक्या आत नेणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

आठवणकथनाचा धर्म निराळा. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांशी बोलून मौखिक इतिहासाचं पुस्तक केलं, ते २००४मध्ये आलं. त्याच्या नावातच शंभर वर्षं आणि शंभर आवाज आहेत. अशा कामात एकाचं म्हणणं दुसऱ्याला छेद देतं आणि संपादक ते मिटवत नाहीत. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यावर जीव टाकणारा आणि त्यांनीच आम्हाला बुडवलं म्हणणारा, दोघंही आपापल्या अनुभवाच्या जोरावर बोलत असतात. नाटककाराला यातून वाट निवडावी लागते. आठवणी गोळा करणाऱ्याने ती निवडली, तर त्याचं काम बिघडलं.

आणि आठवण चुकते त्याचं काय? इथेच लोक आठवणकथनाला कमी लेखतात, 'म्हाताऱ्यांना तारखा कुठे आठवतात' म्हणतात. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरातलं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९४९ साली, नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी कराराविरोधातल्या निदर्शनांत, लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या कामगारांना विचारलं, तर कित्येकांनी हा मृत्यू १९५३चा सांगितला. त्या वर्षी कारखान्याने दोन हजारांवर कामगारांना काढून टाकलं होतं आणि रस्त्यावर चकमकी झाल्या होत्या. म्हणजे शहराने आपला हुतात्मा आपल्या सगळ्यात मोठ्या जखमेजवळ नेऊन ठेवला. पोर्तेल्लीने ही चूक पुसली नाही, तिचाच अभ्यास केला. ती चूक दिसली, कारण खरी तारीख कागदावर होती आणि लोकांचं बोलणं जसंच्या तसं ध्वनिमुद्रित होतं. याच गोष्टीवर थेट नाटक झालं असतं आणि त्यात गोळीबार १९५३मध्ये दाखवला असता, तर तो नाटककाराचा हक्क ठरला असता आणि प्रश्न तिथेच मिटला असता. चुकीची तारीख नाटकात सोय होते, आठवणीत तीच पुरावा होते.

दोघांच्या मौनातही फरक आहे. रंगमंचाला भोंगा हवा, फाटक हवं, मोर्चा हवा, नारळ फोडल्यासारखा एक क्षण हवा. जे हळूहळू, आवाज न करता घडलं ते तिथे मावत नाही. १९२०-३०च्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. रिळिंग-वाइंडिंगची, म्हणजे सूत गुंडाळण्याची खाती त्यांची, त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीणही बाईच. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, यंत्रं बदलली, खाती कमी झाली, आणि ऐंशीचं दशक येईपर्यंत त्यांचं प्रमाण नगण्य झालं. या बायकांच्या जाण्याला फाटकावरचा प्रसंग नाही, म्हणून गिरणगाव डोळ्यांपुढे आणताना आपल्याला पुरुषच दिसतात. पण एखाद्या घरी शांतपणे बसून 'तुमची आजी काय करायची?' असं विचारलं, तर खातं, पाळी, तान्हं मूल कुणाकडे ठेवायची, सगळं बाहेर येतं. खानावळ चालवणाऱ्या बायकांचंही तसंच. संपात पगार थांबले तेव्हा उधारीवर कोण कुणाला किती दिवस जेवू घालत होतं, हा हिशेब संहितेत एका वाक्यात उरकतो. सांगणारी मात्र त्यावर तासभर बोलते, आणि त्या तासाभरात संपाचं खरं अर्थकारण असतं.

एक गुंता आणखी आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची लोकनाट्यं आपण आज 'इतिहास जपणारी' म्हणून पाहतो. ती लिहिली गेली तेव्हा ती आठवण नव्हतीच. मैदानात, संपात, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती लोकांना उभं करत होती. ती त्या दिवसांचीच कृती आहे. आज त्यांचा प्रयोग केला तर तो आजचा प्रयोग होतो. त्या काळचा दस्तऐवज हवा असेल, तर मूळ संहिता आणि ती मैदानात ऐकलेल्या माणसाचं कथन, असं दोन्ही लागेल.

दोहोंच्या मधली वाटही आहे. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये पीटर चीझमन यांनी आपल्या माहितीनाट्यांत मूळ साधनांतलेच शब्द वापरायचा नियम केला होता. १९७४ साली तिथला पोलाद कारखाना बंद पडण्याच्या सावटाखाली असताना त्यांनी कामगारांच्याच शब्दांवर नाटक उभं केलं. प्रामाणिक वाट आहे ही. तरी कोणतं वाक्य घ्यायचं, कोणतं आधी, कोणतं नंतर, हे ठरवणारा हात दिग्दर्शकाचाच. शब्द खरे असले म्हणून नाटक साक्ष होत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या आसपास आहे. नाटक पाच वर्षांनीही बसवता येईल. त्या माणसाचं बोलणं आत्ताच ध्वनिमुद्रित करायला हवं, पूर्ण, न छाटता, विषय सोडून गावच्या शेतीबद्दल बोलला तरी ते ठेवून. दोन वेगवेगळ्या दिवशी विचारलं आणि दोन वेगळी उत्तरं आली तर दोन्ही ठेवावीत. ते कुठे, कुणाच्या ताब्यात राहणार आणि कोण ऐकणार, हे सांगून त्याची संमती घ्यावी.

नाटक त्यानंतर जरूर करावं. मात्र सख्खा भाऊ संप मोडून कामावर गेला ही गोष्ट एकाने विश्वासाने सांगितलेली असते, आणि ज्या चाळीत ती रंगमंचावर येणार तिथे तो भाऊ कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाव बदलून ते लपत नाही. रंगीत तालमीला सांगणाऱ्यांना आधी बोलवावं, त्यांच्यासमोर पूर्ण प्रयोग करावा, आणि 'हा प्रसंग नको' असं कुणी म्हटलं तर, तो कितीही रंगत असला तरी, काढावा.