ऑल्ट धरून आकडा: लॅपटॉपवर न उमटणाऱ्या चिन्हांची पार्श्वभूमी

लॅपटॉपवर ऑल्ट कळ दाबून धरली, अक्षरांच्या वरच्या ओळीतून 0176 टाइप केले, तरी अंशाचे ° हे चिन्ह उमटले नाही, ही तक्रार जुनीच आहे. कीबोर्ड बहुधा धडधाकट असतो. या युक्तीला लागणाऱ्या कळाच बहुतेक लहान लॅपटॉपवर नसतात, आणि त्याचे मूळ 1981 पर्यंत मागे जाते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या 83 कळांच्या कीबोर्डावर उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा गट, म्हणजे नमपॅड, होता. कळ दाबल्यावर कीबोर्डाकडून संगणकाला जातो तो त्या कळीचा क्रमांक. वरच्या ओळीतल्या 1 चा क्रमांक 2, तर नमपॅडवरच्या 1 चा 79. त्यामुळे कागदावर सारखे दिसणारे हे दोन आकडे यंत्राच्या लेखी निराळेच आहेत. ऑल्ट धरलेली असताना फक्त नमपॅडवरचे आकडे जमवायचे, त्यांची एक संख्या करायची आणि ऑल्ट सुटताच अक्षरांच्या क्रमवार यादीतले त्या संख्येवरचे अक्षर द्यायचे, अशी सोय पीसीच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, होती. ही संख्या एका बाइटात मावेल एवढी, अर्थात 255 पर्यंतच, असू शकत होती.

विंडोजने ही सोय उचलली, पण स्वतःची अक्षरयादीही आणली आणि गुंता वाढला. पीसीच्या जुन्या, 437 क्रमांकाच्या यादीची सवय असलेल्यांची अडचण होऊ नये म्हणून नुसता आकडा जुन्या यादीला आणि शून्याने सुरू होणारा आकडा नव्या यादीला जोडला गेला. म्हणून 163 टाकल्यास ú मिळतो आणि 0163 टाकल्यास पौंडाचे £ मिळते. ‘चुकीचेच चिन्ह येते’ या तक्रारीमागे बरेचदा हा विसरलेला शून्य असतो.

या शून्याशी मराठी डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या कामाचे, नाते फार जवळचे आहे. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांची एकच सामाईक अक्षरयादी, येण्यापूर्वीच्या देवनागरी फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. ते कळांवर मावेनात तेव्हा उरलेली जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे 128 च्या पुढच्या स्थानांवर गेली. ती ऑल्ट आणि शून्याने सुरू होणाऱ्या चार आकडी कोडनेच काढावी लागत. या कोडांचा तक्ता मॉनिटरशेजारी चिकटवून काम करणारी पिढी लॅपटॉपवर आली, तेव्हा तिची अडचण इतरांहून मोठी होती, कारण तिला एखादे चिन्ह नव्हे तर साधा मराठी मजकूरच अडत होता.

लॅपटॉप बनवणाऱ्यांनी जागेअभावी नमपॅड वगळला, तरी सुरुवातीला तो अक्षरांवरच दडवून ठेवला: जे, के, एल या कळांवर 1, 2, 3, यू, आय, ओ वर 4, 5, 6, एम वर 0. नमलॉक, म्हणजे हा गट चालू-बंद करणारी कळ, चालू असेपर्यंत किंवा एफएन ही कळ धरलेली असेपर्यंत तो काम करी. नमलॉक चुकून चालू राहिला की नाव लिहिताना मध्येच आकडे उमटत. पुढे अनेक पातळ लॅपटॉपांवरून हा दडलेला गटही गेला, आणि तिथे ऑल्टचे कोड कितीही अचूक पाठ असले तरी उपयोगाचे राहिले नाहीत.

रुपयाच्या चिन्हाने या जुन्या व्यवस्थेची मर्यादा उघडी पाडली. 15 जुलै 2010 रोजी सरकारने ते स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड 6.0 मध्ये त्याला जागा मिळाली. तिचा दशमान क्रमांक 8377; तो 255 च्या कितीतरी पुढचा. वर्डसारखा प्रोग्राम तो समजून घेतो, पण जुन्या पद्धतीने चालणारा साधा प्रोग्राम 256 ने भागून उरणारी बाकी, म्हणजे 185, धरतो आणि ₹ ऐवजी ╣ ही चौकटीची रेघ देतो. मधल्या काळात ` या कळीवर रुपयाचे चित्र बसवलेले फॉन्टही वापरात होते. अशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की किमतीआधी नुसते ` दिसे. ‘इंग्रजी (भारत)’ हा कीबोर्ड निवडला असेल तर आता कंट्रोल, ऑल्ट आणि वरच्या ओळीतला 4 एकत्र दाबणे पुरते, नमपॅड लागत नाही. मात्र अमेरिकी कीबोर्ड निवडलेला असेल तर तेवढ्याने काहीच होत नाही.

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाला ही कसरत करावी लागली नाही. 1984 च्या त्याच्या मूळ कीबोर्डावर नमपॅड नव्हताच, आणि विशेष चिन्हे ऑप्शन कळीसोबतच्या अक्षरांवर बसवलेली होती. मराठीपुरती अशीच सुटका इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीने केली: ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तिथे शिफ्टसह जे, मग डी आणि शेवटी तिरकी रेघ या तीन कळांनी येतो, लॅपटॉप कितीही लहान असला तरी.