इंजिनावरून साल, डोंगरावरून गाव : वेल्सच्या जुन्या रेल्वेफोटोंची पार्श्वभूमी

जुन्या रेल्वेफोटोंच्या गठ्ठ्यात असा एक तरी फोटो निघतोच. काळे टँक इंजिन, मागे दोन डबे, फलाटावर टोपीवाला हमाल, वर धुरकट डोंगर. उलटून पाहावे तर पेन्सिलने इंजिनाचा नंबर लिहिलेला, फार तर तारीख. गावाचे नाव नाही. फोटो काढणारा इंजिनासाठी आला होता. गाव त्याच्या लेखी नाटकाचा मागचा पडदा होते. आज ब्रिटनमधले रेल्वेवेडे तासन्‌तास बसून त्या पडद्याचेच नाव शोधतात. वेल्सचे फोटो असले की हा खेळ जास्त अवघड होतो आणि जास्त रंगतो. त्याचे कारण तिथल्या रेल्वेच्या इतिहासात आहे.

या इतिहासाचा पहिला अंक फोटोत सापडणारच नाही. 21 फेब्रुवारी 1804 रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने मर्थर टिडफिलजवळच्या पेनीडॅरन कारखान्यातून 10 टन लोखंड आणि सुमारे 70 माणसे नऊ-दहा मैलांवरच्या ॲबरकायनॉनपर्यंत ओढून नेली. इंजिन चालले, पण त्याच्या वजनाने बिडाचे रूळ मोडू लागले आणि प्रयोग थांबला. तीन वर्षांनी, 1807 मध्ये, स्वॉन्झीच्या किनाऱ्यावर ऑयस्टरमाउथच्या रुळांवर भाडे देऊन बसणारे प्रवासी फिरू लागले. गाडी घोडा ओढत असे. फोटोग्राफी जन्मायला तेव्हा तीन दशके होती.

कॅमेरा गावोगाव पोहोचेपर्यंत वेल्समध्ये रेल्वे कंपन्यांचे पीक आले होते. इंजिनियर ब्रुनेलच्या देखरेखीखाली बांधलेली टॅफ व्हेल रेल्वे 1840-41 मध्ये कार्डिफ ते मर्थर धावू लागली. दक्षिणेकडच्या दऱ्यांमधला कोळसा बंदरावर न्यायचा, एवढाच बहुतेक कंपन्यांचा धंदा. ऱ्हिम्नी, बॅरी, ब्रेकन अँड मर्थर, ऱ्होंडा अँड स्वॉन्झी बे, कार्डिफ रेल्वे : एकाच दरीच्या एका उतारावर एकीचे रूळ आणि समोरच्या उतारावर दुसरीचे. बॅरीचे बंदर आणि रेल्वे तर टॅफ व्हेल आणि कार्डिफच्या गोदीची मक्तेदारी मोडायलाच उभी राहिली. खाणमालक डेव्हिड डेव्हिस तिच्यामागे होते. 1889 मध्ये गोदी उघडली आणि 1913 मध्ये एकट्या बॅरीतून 1 कोटी 10 लाख टन कोळसा बाहेर गेला. मुंबई बंदराला लागणाऱ्या आगबोटींच्या भट्ट्यांतही वेल्सचा हा कोळसा जळत असे.

आज फोटो ओळखणाऱ्याला या भाऊबंदकीचा मोठा आधार होतो. प्रत्येक कंपनीची धाटणी वेगळी. स्टेशनच्या छपराच्या कडेला लावलेली लाकडी झालर, सिग्नलच्या खांबाचा माथा, पादचारी पुलाचे कठडे, पाटीवरच्या अक्षरांचे वळण, सगळ्यांत घराण्याची छाप असते. नजर बसलेला माणूस नुसती झालर पाहून कंपनी सांगतो. कंपनी कळली की शेकडो स्टेशनांची यादी एकदम काही डझनांवर येते.

रूळही बोलतात. किनाऱ्याने जाणारी साउथ वेल्स रेल्वे ब्रुनेलने सात फूट पाव इंच रुंदीच्या ब्रॉडगेजवर बांधली होती. मे 1872 मध्ये ती 4 फूट 8½ इंचांवर आणली. त्यामुळे दक्षिण वेल्सच्या मुख्य मार्गावरच्या एखाद्या फोटोत ऐसपैस रूळ आणि त्यांच्याखाली लांबीच्या दिशेने टाकलेल्या तुळया दिसल्या, तर तो 1872 च्या आधीचा. इतके स्वच्छ उत्तर क्वचित मिळते. दुसऱ्या टोकाला उत्तरेतल्या फेस्टिनिऑग रेल्वेचा रूळ, एक फूट साडेअकरा इंचांचा. आपल्या माथेरानच्या गाडीच्या दोन फुटांपेक्षाही अर्धा इंच कमी.

पुढे कंपन्या एकत्र झाल्या. 1921 च्या कायद्याने वेल्समधल्या बहुतेक छोट्या कंपन्या 1922-23 मध्ये ग्रेट वेस्टर्न या बड्या रेल्वे कंपनीच्या पोटात गेल्या. उत्तर किनाऱ्याचा मार्ग लंडन, मिडलंड अँड स्कॉटिशकडे, म्हणजे एलएमएसकडे गेला. ग्रेट वेस्टर्नने घरात आलेल्या इंजिनांना नवे नंबर दिले, पुष्कळांवर आपल्या स्विंडनच्या कारखान्यातले बॉयलर चढवले. सासरी आलेल्या सुनेचे नाव बदलावे तसेच. टॅफ व्हेलच्या सांगाड्यावर ग्रेट वेस्टर्नचा बॉयलर दिसला की फोटो 1922 नंतरचा. 1 जानेवारी 1948 ला सगळेच सरकारी झाले. गंमत अशी की ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांचे नंबर तेव्हाही बदलले नाहीत, कारण ते केबिनच्या बाजूला ओतीव पाट्यांवर होते. बाकीच्या कंपन्यांच्या इंजिनांचे नंबर मात्र बदलले.

सिग्नलवरून दोन मुलूख वेगळे करता येतात. मराठीत 'सिग्नल पडला' म्हणजे गाडीला वाट मिळाली. ग्रेट वेस्टर्नमध्येही तसेच : सिग्नलचा हात खाली पडला की जा. एलएमएसने पुढे हात वर उचलणारे सिग्नल बसवायला सुरुवात केली. फोटोत हात आडव्याच्या वर तिरका गेलेला दिसला, तर ग्रेट वेस्टर्नची स्टेशने आधी बाजूला ठेवावीत. नियमाला अपवाद निघतात आणि त्या अपवादांवरून वादही होतात.

आता इंजिन. दक्षिण वेल्सच्या फोटोंत सर्वांत जास्त भेटतात ती पॅनियर टँक इंजिने. गाढवाच्या पाठीवर दोन्हीकडे गोणी लटकाव्यात तशा बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असल्याने हे नाव. 1929 पासून 5700 वर्गाचीच 863 इंजिने निघाली. इंजिन इतके सर्वत्र असेल तर त्यावरून गाव कसले कळणार? पण साल कळते. टाकीवर आधी 'ग्रेट वेस्टर्न' अशी पूर्ण अक्षरे असत. 1934 मध्ये वर्तुळातले बोधचिन्ह आले, 1942 मध्ये नुसती तीन आद्याक्षरे, 1948 मध्ये 'ब्रिटिश रेल्वेज', 1949 च्या सुमारास चाकावर उभा सिंह आणि 1956 मध्ये नवे चिन्ह. नवशिके इथे एक चूक हमखास करतात. रंग लगेच उडत नाही. 1934 चे चिन्ह असलेले इंजिन 1948 नंतरही कुठल्या तरी फाट्यावर फिरत असू शकते. चिन्ह एवढेच सांगते की फोटो याआधीचा नाही. तो किती नंतरचा, याबद्दल ते गप्प असते.

राष्ट्रीयीकरणानंतर इंजिनाच्या तोंडावर शेडची छोटी अंडाकृती पाटीही आली. 88डी म्हणजे मर्थर, 86सी म्हणजे कार्डिफ कँटन, 89सी म्हणजे मखन्लेथ. पाटी वाचता आली तर इंजिन राहायला कुठे होते ते कळते. पण इंजिनाचे घर आणि फोटोचे ठिकाण एकच असेल असे कुणी सांगितले?

फोटो काढणारे बदलले तसे फोटोही बदलले. 1900 मध्ये कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा पाच शिलिंगांत मिळू लागला. त्याच सुमारास पोस्टकार्डांची लाट आली, आणि ओळख पटवणाऱ्यांना पोस्टकार्डे फार प्रिय. 1902 मध्ये ब्रिटनमध्ये पाठ विभागलेले कार्ड सुरू झाले, एका बाजूला पत्ता आणि दुसरीकडे मजकूर. अर्ध्या पेनीचे तिकीट चालले ते जून 1918 पर्यंत. म्हणजे पाठ विभागलेली आणि तिकीट अर्ध्या पेनीचे असेल, तर टपालाची सोळा वर्षे मोजून मिळाली. स्थानिक फोटोग्राफर कार्ड विकण्यासाठी काढत, त्यामुळे गावाचे नाव ते आठवणीने टाकत. पुढच्या पिढीतले छांदिष्ट सुट्टीत इंग्लंडहून येत. त्यांतले हेन्री कॅसर्ली (1903–1991) यांच्यासारखे काटेकोर लोक तारीख आणि जागा नोंदवून ठेवत. सगळेच काही कॅसर्ली नव्हते. एखाद्याच्या मागे घर आवरले जाते, काचेच्या निगेटिव्ह लिलावात जातात, वही मात्र रद्दीत जाते. पुढचे सगळे श्रम त्या हरवलेल्या वहीपायी.

जुन्या काचेवरचा रंगांचा खोटेपणाही ध्यानात ठेवावा लागतो. त्या वेळच्या ऑर्थोक्रोमॅटिक रसायनाला लाल रंग दिसतच नसे, म्हणून तांबडे इंजिन काळे उमटे. शिवाय काच उलटी ठेवून छापली की डावे उजवे होते. ब्रिटनमध्ये गाड्या डाव्या रुळाने धावतात. फोटोत त्या उजवीकडून येताना दिसल्या की आधी फोटो आरशात धरून पाहायचा.

1940 मध्ये जर्मन उतरतील या भीतीने स्टेशनांच्या पाट्या काढल्या गेल्या. युद्धकाळात फिल्म मिळणे कठीण, आणि रेल्वेपाशी कॅमेरा दिसला तर पोलीस हजर. म्हणून 1940 ते 1945 चे फोटो थोडे, आणि असलेले अनामिक. याउलट शेवटच्या गाडीचे फोटो उदंड. ॲबरगॅव्हेनी ते मर्थर हा डोंगरमाथ्यावरचा मार्ग जानेवारी 1958 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला, तेव्हा निरोपाच्या खास गाडीला 1888 चे, मूळ 1054 नंबरचे कोल टँक इंजिन जोडले होते. त्या गाडीचे फोटो आजही निघत राहतात. त्याच मार्गावरचा कुठल्याशा मंगळवारचा, चार प्रवाशांच्या साध्या गाडीचा फोटो शोधून पाहा. लग्नाचे अल्बम घरोघर असतात, रोजच्या स्वयंपाकघराचा फोटो कुणाकडेच नसतो.

1962 च्या अखेरीस ब्रेकन गावाची प्रवासी रेल्वे पूर्ण संपली. मार्च 1963 मध्ये तोट्यातले मार्ग बंद करायला सांगणारा डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. रुआबॉन ते बारमथ, कारमार्थन ते ॲबरिस्टविथ हे मार्ग 1965 पर्यंत गेले. दोन्हींवर डिसेंबर 1964 च्या पुराने आधीच काम केले होते. 1857 पासून उभा असलेला 200 फूट उंचीचा क्रम्लिनचा लोखंडी पूल तोडून भंगारात गेला. इंजिनेही तिकडेच गेली. पण बॅरीच्या भंगारवाल्या डाय वुडहॅम यांनी वाघिणी आधी तोडल्या आणि इंजिने मागे ठेवली, म्हणून त्यांच्याकडे आलेल्या 297 पैकी 213 इंजिने हौशी मंडळींनी विकत घेऊन वाचवली. एखाद्या छोट्या रेल्वेचे काय होऊ शकते याचा धडा त्याआधीच मिळाला होता : 1951 मध्ये टविनजवळची टॅलीलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगातली अशी पहिलीच.

टॅलीलिन हे नावच एक सापळा आहे. वेल्श भाषेत त्याचा अर्थ तळ्याचे टोक, आणि तळी काय कमी आहेत? पश्चिमेला ही सव्वादोन फुटी टॅलीलिन रेल्वे. तिकडे ब्रेकनजवळ टॅलीलिन जंक्शन, साध्या रुंदीच्या रुळांचे, 1962 ला बंद पडलेले. फोटोमागे नुसते 'टॅलीलिन' लिहिले असेल तर रूळ मोजल्याशिवाय बोलू नये. नावांचे स्पेलिंगही काळ सांगते. इंग्रज कारकुनांनी लिहिलेले पोर्टमॅडॉक पुढे पोर्थमॅडॉग झाले, कार्नार्व्हनचे कायर्नार्व्हन झाले, टोविनचे टविन. पाटीवर कोणते रूप आहे ते भिंगातून वाचायचे. दोन एलांचा तो वेल्श उच्चार, जीभ टाळूला लावून कडेने हवा सोडायचा, देवनागरीतही मावत नाही, आणि इंग्रजांना तर तो कधीच जमला नाही.

एवढे करून गाव उरतेच. मग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याचे, मैलाला सहा इंच आणि पंचवीस इंच मापाचे जुने नकाशे उघडायचे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते संगणकावर ठेवले आहेत, त्यांत वेल्सही आले. सावल्यांवरून दिशा काढायची, सांधे मोजायचे, चॅपल, म्हणजे गावातले प्रार्थनाघर, कुठल्या अंगाला आहे ते पाहायचे, शेवटी डोंगराची रेघ आजच्या डोंगराशी जुळवायची. उत्तरेत हे चालते. दक्षिणेत डोंगरावर भरवसा ठेवता येत नाही, कारण तिथले काही डोंगर माणसांनी रचलेले. खाणीतल्या दगडमातीचे ढिगारे वाढत गेले. ऑक्टोबर 1966 मध्ये ॲबरफॅनला त्यांतला एक शाळेवर कोसळला, 144 जीव गेले, त्यांतली 116 मुले. त्यानंतर असे कित्येक ढीग हटवले गेले. जुन्या फोटोतली रेघ आज आकाशात शोधून सापडत नाही.

बालापासून ब्लायनाय फेस्टिनिऑगकडे जाणाऱ्या फाट्यावर कापेल केलिन हॉल्ट नावाचा छोटा थांबा होता. तो 1930 मध्ये उघडला आणि प्रवासी गाडी जानेवारी 1960 मध्ये थांबली, म्हणजे तिथल्या कुठल्याही प्रवासी गाडीच्या फोटोला तीस वर्षांची चौकट आपोआप मिळते. पुढे 7400 वर्गाचे पॅनियर टँक असेल तर 1936 नंतरचा. टाकीवर सिंह असेल तर शेवटची दहा-अकरा वर्षे. इथवर सगळे सरळ आहे. लिव्हरपूलला पाणी देण्यासाठी ट्रॉवेरिन नदी अडवली, 1965 मध्ये धरण सुरू झाले, आणि कापेल केलिन गाव चॅपल, शाळा, टपाल कचेरीसह तळ्याखाली गेले. रेल्वेमार्गाचा काही भागही. छायाचित्रकार जेफ चार्ल्स यांनी गाव बुडण्याआधी काढलेले फोटो ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अनामिक फोटोतली दगडी भिंत आणि दाराची कमान ओळख पटवणारे त्यांच्याशी लावून पाहतात, कारण जाऊन पाहायला आता तिथे पाणी आहे.