जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेचं ‘मूळ पेंटिंग’ कुठे आहे?

कुठेच नाही. तरीही ‘अस्सल जपानी चित्राची हाताने रंगवलेली हुबेहूब प्रत’ म्हणून कॅनव्हासवरची तैलचित्रं विकली जातात. हाताने रंगवली म्हणजे छापील प्रतीपेक्षा मुळाच्या जास्त जवळ, अशी आपली समजूत. इथे मात्र गणित उलटं आहे.

कानागावाची ती प्रसिद्ध लाट साधारण 1831 ची. होकुसाईने कागदावर फक्त रेखाटन केलं. ते कोरक्याने चेरीच्या लाकडी ठोकळ्यावर पालथं चिकटवलं आणि त्यावरूनच कोरलं, म्हणजे रेखाटन तिथेच संपलं. मग प्रत्येक रंगासाठी ठोकळ्याचा वेगळा भाग. छापणाऱ्याने रंग लावायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि ‘बारेन’ नावाच्या चकतीने घासायचा. आकाशाची विरत जाणारी छटाही ठोकळ्यावरच रंग पुसत साधलेली. अशा हजारो प्रती निघाल्या, सामान्य माणसाला परवडतील अशा दरात. आज संग्रहालयांत दिसतात त्या यांतल्याच, जेमतेम 25 बाय 37 सेंटिमीटरच्या. सोफ्यामागची भिंत व्यापणाऱ्या नव्हेत!

हाताने केलेली नक्कल वाईट असते असं नाही. व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराची पावसातला पूल आणि आलुबुखाराची बाग ही चित्रं तेलरंगात उतरवली. पण रंग भडक केले, भोवती जपानी अक्षरांची चौकट स्वतःच्या मनाने जोडली. ती व्हॅन गॉगची चित्रं झाली.

मुळाच्या जवळ जायचं असेल तर नव्याने कोरलेल्या ठोकळ्यांवरून हाताने छापलेली प्रत घ्यावी. टोकियोत अदाची संस्था आजही तशा काढते.